सोबत (विस्थापितांची)

सशस्त्र संघर्षामुळे गाव सोडावे लागलेल्या, पण स्वतःच्या देशातच राहिलेल्या लोकांजवळ परदेशी चर्चच्या स्वयंसेवकांनी काही काळ जाऊन राहण्याची प्रथा. स्पॅनिशमध्ये तिला 'आकोम्पान्यामिएन्तो' म्हणतात. मराठीत 'साहचर्य' हा पुस्तकी शब्द सुचतो. पण नेमका शब्द 'सोबत' हाच. एकट्या म्हातारीकडे रात्री सोबतीला जाणारी शेजारीण तिथे काही काम करायला जात नसते. घरात दुसरे माणूस आहे एवढ्यानेच वाईट हेतूने येणारा बिचकतो.

सीमा ओलांडणारा तो निर्वासित, न ओलांडणारा तो अंतर्गत विस्थापित. निर्वासितांना १९५१ च्या आंतरराष्ट्रीय कराराचा आधार आहे. अंतर्गत विस्थापितांसाठी संयुक्त राष्ट्रांची १९९८ ची मार्गदर्शक तत्त्वे आहेत, पण ती बंधनकारक नाहीत; त्यांची भिस्त स्वतःच्या सरकारवर, आणि कित्येकदा भीतीही त्याच सरकारच्या शिपायांची. या तत्त्वांत नैसर्गिक आपत्तीने घर सुटलेलेही येतात. म्हणजे ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपात घर गमावून दुसरीकडे गेलेली कुटुंबे किंवा ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शाळांमध्ये मुक्काम केलेले सांगलीकर हेही त्या व्याख्येत बसतात. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाखाली जावळी-पाटणची गावे गेली, त्या धरणग्रस्तांना कचेरीत एकट्याने न जाण्याची रीत चांगली ठाऊक आहे: गावातले चार जाणते बरोबर असले की साहेब नीट ऐकून घेतो. दक्षिण अमेरिकेतील कोलंबियात हीच गोष्ट जिवावरची होते.

तिथे सेना, गनिमी संघटना आणि निमलष्करी टोळ्या यांच्या कात्रीत सापडून लक्षावधी शेतकरी शहरांच्या कडेला येऊन पडले. त्यांच्यासाठी बोलणाऱ्या चर्च कार्यकर्त्यांनाच धमक्या येऊ लागल्या, तेव्हा कोलंबियाच्या प्रेस्बिटेरियन (प्रोटेस्टंटांपैकी एका पंथाच्या) चर्चने अमेरिकेतील आपल्या भगिनी चर्चला माणसे पाठवण्याची विनंती केली. २००४ पासून बारान्किया शहरात असे सोबती येऊ लागले. मिरजेत १८९४ साली वानलेस रुग्णालय उभारणारे मिशन याच अमेरिकन प्रेस्बिटेरियन परंपरेतले. तिथले डॉक्टर वानलेस औषधे, हत्यारे घेऊन आले आणि कित्येक वर्षे राहिले. सोबती रिकाम्या हाताने येतो, काही आठवडे राहतो, आणि यजमान सांगतील तिथे जातो.

त्याचे काम वरवर पाहता काहीच नाही. वस्तीवर बसायचे, सभेला हजर राहायचे, कार्यकर्त्याबरोबर बसने प्रवास करायचा, पाहिलेले लिहून ठेवायचे. तो शस्त्राजवळ जात नाही, पुढारपण करत नाही. काही घडलेच तर वकिलातीला आणि आपल्या लोकप्रतिनिधींना कळवतो. अमेरिका २००० पासून 'प्लॅन कोलंबिया'खाली तिथल्या सैन्याला मोठी मदत देत होती, म्हणून अमेरिकी मतदाराच्या फोनला वजन होते. परतल्यावर रविवारच्या उपासनेनंतर मंडळीपुढे सगळे सांगणे हाही कामाचाच भाग, आणि माझ्या मते सर्वांत टिकाऊ.

ही पद्धत चर्चपुरती नाही. १९८१ साली स्थापन झालेली 'पीस ब्रिगेड्स इंटरनॅशनल' ही धर्मनिरपेक्ष संघटना १९९४ पासून कोलंबियात आहे. पॅलेस्टाइनमध्ये जागतिक चर्च परिषदेचे सोबती २००२ पासून जातात.

सोबतीला मर्यादा आहेत, आणि त्या लपवू नयेत. १९९७ मध्ये स्वतःला 'शांतता वसाहत' जाहीर करणाऱ्या, कोलंबियातील सान होसे दे आपार्तादो येथे परदेशी सोबती राहत होते. तरी २१ फेब्रुवारी २००५ रोजी दूरच्या वाड्यांवर आठ जणांची हत्या झाली. त्यांत तीन लहान मुले होती. सोबती असतो तिथेच ढाल असते. शिवाय ही ढाल त्याच्या पासपोर्टची आहे: शेतकऱ्याच्या जिवापेक्षा परक्याच्या जिवाची किंमत मारेकऱ्याला जास्त वाटते, या अन्यायावरच ती उभी आहे. प्रामाणिक सोबतीला हे सलते. तरीही वस्तीतले लोक बोलावतात, म्हणून तो जातो.