ब्लू फ्लॅग नाही म्हणजे बीच घाण? अजिबात नाही

यूकेत समर आला की आपल्या ग्रुपवर हे फिरतंच, ब्लू फ्लॅग (चांगल्या बीचला मिळणारा निळा झेंडा) असलेले बीच तेवढेच बेस्ट आणि सेफ, बाकीचं पाणी घाण. अर्धंच खरंय हे.

ब्लू फ्लॅग आपोआप मिळत नाही, त्यासाठी कौन्सिल किंवा बीच चालवणाऱ्याने दरवर्षी अर्ज करायचा, फी भरायची. पाणी 'एक्सलंट' दर्जाचं लागतंच, पण सोबत टॉयलेट, कचऱ्याचे डबे, माहितीचे बोर्ड असलंही सगळं बघतात. मग स्कॉटलंडच्या हॅरिस बेटावरचं लस्केंटायर बीच, पांढरी वाळू, काचेसारखं पाणी, तिथे झेंडा कुठून येणार, पण म्हणून ते घाण आहे का?

आणि उलट बाजू जास्त महत्त्वाची. पाण्याचा तो 'एक्सलंट' दर्जा चार वर्षांपर्यंतच्या सँपलवरून काढतात, आजचं पाणी कसंय ते त्यातून कळत नाही. धो धो पाऊस झाला की जुन्या गटारांचं ओव्हरफ्लो समुद्रात जातं, झेंडा असो नसो. निघण्याआधी एन्व्हायर्नमेंट एजन्सी या सरकारी संस्थेच्या 'स्विमफो' साइटवर बीचचं नाव टाकून बघा (ही फक्त इंग्लंडसाठी हं).

पोहायचं असेल तर वेगळाच झेंडा शोधा, लाल-पिवळा, तसल्या दोन झेंड्यांच्या मधल्या पट्ट्यावर लाइफगार्डचं लक्ष असतं. नुसता लाल दिसला तर पाण्यात उतरूच नका. आणि वेस्टन-सुपर-मेअरला जाणार असाल तर भरतीची वेळ आधी बघाच, ओहोटीला पाणी इतकं लांब जातं की समोर नुसता चिखल, आणि त्यात चालत जाणारे खरंच अडकतात.