पार्श्वभूमी : काळी माती, कोळसा आणि मामा तलाव

एप्रिल-मे महिन्यात अकोल्याकडच्या वावरातून चालताना भेगांत पाय अडकतो. पाऊस लागला की त्याच भेगा मिटतात आणि पाणी मुरायचं सोडून वरच तुंबतं. मातीचा हा स्वभाव फार जुना आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर पसरलेला लाव्हा थिजला, त्याचा बेसाल्ट झाला. ऊन, पाऊस आणि झाडांच्या मुळांनी तो झिजवत नेला, तेव्हा ही काळी माती तयार झाली. तिच्यातले चिकणमातीचे कण पाणी पिऊन फुगतात, वाळले की आक्रसतात. पावसाळा सरल्यावरही कपाशी तग धरते ती याच मातीने धरून ठेवलेल्या ओलीवर.

पूर्वेकडे गेलं की हा लाव्हा संपत जातो आणि वर्धा खोऱ्यात कोळशाचे थर लागतात. हा कोळसा म्हणजे २५ कोटी वर्षांहून जुनी झाडं. १८७२ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या हेन्री मेडलिकॉट यांनी अशा खडकांना गोंडांच्या मुलखावरून ‘गोंडवाना’ म्हटलं. पुढे ऑस्ट्रियाचे भूवैज्ञानिक एडुआर्ड झ्यूस यांनी दक्षिणेकडच्या एका प्राचीन महाखंडालाच ते नाव दिलं. याच झ्यूस यांनी १८७५ मध्ये ‘जीवावरण’ या अर्थाचा शब्द पहिल्यांदा वापरला होता. खडक, पाणी, हवा आणि जीवसृष्टी एकत्र पाहण्याच्या शास्त्राची ही एक सुरुवात. त्या शास्त्राच्या इतिहासात गोंडांचं नाव कोरलं गेलंय, आणि आपल्या शाळांतून ते फारसं सांगितलं जात नाही याची खंत वाटते. कोळसा झालेल्या त्या प्राचीन झाडांनी हवेतून घेतलेला कार्बन आज चंद्रपूरच्या वीजकेंद्रात कोळसा जळतो तेव्हा पुन्हा हवेत जातो.

पावसाचं कोडं उलगडायला जास्त वेळ लागला. हवामान खातं १८७५ मध्ये सुरू झालं. हिमालयात बर्फ जास्त पडलं तर पुढचा पावसाळा कमी, असा संबंध लावून हेन्री ब्लॅनफर्ड यांनी अंदाज वर्तवायला सुरुवात केली. तरी १८९९-१९०० च्या दुष्काळाने वऱ्हाड आणि मध्य प्रांत होरपळले. १९०४ मध्ये या खात्याचे प्रमुख म्हणून आलेल्या गिल्बर्ट वॉकर यांनी जगभरच्या नोंदी चाळल्या. प्रशांत महासागराच्या एका बाजूला हवेचा दाब चढला की दुसऱ्या बाजूला उतरतो, हे त्यांना दिसलं. समुद्राच्या तापण्याशी त्याचा मेळ हवामानशास्त्रज्ञ याकोब ब्यर्कनेस यांनी १९६९ मध्ये घातला. म्हणून आज मृगाच्या आधी गावात एल निनोची, म्हणजे प्रशांत महासागर नेहमीपेक्षा तापून आपला पाऊस कमी होण्याच्या शक्यतेची, चर्चा होते. पण हे गणित सरळ नाही. १९९७ मध्ये एल निनो जबर होता, तरी देशभरचा पाऊस सरासरीच्या आसपास राहिला.

भंडारा-गोंदियातल्या कोहळी समाजाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. पण उतार कुठे आहे, पाणी कुठे अडेल आणि कोणत्या बांधीपर्यंत (बांध घातलेल्या धानाच्या शेतापर्यंत) पोचेल हे त्यांना नेमकं कळत होतं. त्यांनी गोंड राजवटीपासून बांधलेले तलाव पुढे मालगुजारांच्या, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्या जमीनमालकांच्या, ताब्यात आले; ‘माजी मालगुजारी’ म्हणून आज ते ‘मामा तलाव’. जंगलातून वाहून आलेली माती तलावात गाळ होऊन बसायची. तो गाळ शेतकरी बांधीत टाकायचे, धान जोमाने यायचं, आणि तलावाची खोली टिकल्यामुळे मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजाला मासे मिळायचे. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, ते योग्यच झालं. पण तलाव सरकारकडे आले आणि गाळ काढणं गावाच्या हातून सुटलं. तलाव उथळ झाले. काठाने बेशरम ही बाहेरून आलेली झुडपं माजवणारी वनस्पती माजली, तिने देशी पाणवनस्पती हटवल्या आणि त्यांच्या आधाराने अंडी घालणारे मासेही कमी झाले. अलीकडे काही गावांत ढिवर बायाबापड्यांनी बेशरम मुळासकट उपटली, चिखलात उभं राहून देशी वनस्पती पुन्हा लावल्या. त्या तलावांत मासे परतले आहेत.