रांजणीच्या माळावरचं बंदर

सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागात निवडणूक जवळ आली की दोन आश्वासनं ठरलेली असत : पाणी आणि बंदर. म्हैसाळ-टेंभू या उपसा सिंचन योजनांचं पाणी उशिरा का होईना, आलं. बंदर अजून यायचंय. कवठेमहांकाळ तालुक्यातल्या रांजणीला मेंढी-शेळी पैदाशीसाठी राखलेलं मोठं सरकारी प्रक्षेत्र आहे. त्याच माळावर ड्राय पोर्ट, म्हणजे समुद्रापासून दूर जमिनीवरचं बंदर होणार, अशी घोषणा गेल्या दशकात झाली. पुढे मिरज तालुक्यातल्या सलगरेचं नाव आलं आणि जागेबरोबर योजनेचं नावही बदललं. आज गावच्या पारावर कुणी ‘ड्राय पोर्ट’ म्हणतं, कुणी ‘लॉजिस्टिक पार्क’. दोघे एकाच गोष्टीबद्दल बोलताहेत का, हे त्यांनाही नक्की सांगता येत नाही. गोंधळाची सुरुवात इथली नाही, पण तो इथे चांगलाच रुजला आहे.

घाटमाथ्यावरच्या मालाला समुद्राची वाट जुनीच आहे. कऱ्हाडहून पाटण, हेळवाक, मग कुंभार्ली घाट उतरून चिपळूण आणि वाशिष्ठीच्या खाडीवरचं गोवळकोट. बैलांच्या तांड्यांवरून गूळ, हळद, धान्य खाली जायचं. मीठ, खोबरं, सुकी मासळी वर यायची. त्यातली मिठाची गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण लमाण रिकामा बैल घाट चढवत नसे. खाडी गाळानं भरत गेली, रेल्वे आली आणि माल मुंबईकडे वळला.

रेल्वेनंही तो सरळ नेला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला मिरजेला आलेला पुण्याचा मार्ग मीटरगेज होता, पुण्यापुढचा मुंबईचा ब्रॉडगेज. मुंबईला जाणारं पोतं पुण्यात एका डब्यातून काढून दुसऱ्या डब्यात टाकावं लागे. १९२७ मध्ये पंढरपूरकडून बार्शी लाइट रेल्वे कंपनीची नॅरोगेज मिरजेला पोचली. १९७१ मध्ये पुण्याची लाइन ब्रॉडगेज झाली आणि मिरजेत तिन्ही रुंदीचे रूळ एकत्र आले. रेल्वेवेड्या माणसांना त्याचं फार कौतुक. हमालांच्या पाठींना त्याबद्दल काय वाटत होतं, ते कुणी लिहून ठेवलेलं नाही. पंढरपूरची लाइन रुंद व्हायला मात्र २०१० उजाडावं लागलं. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची गाडी गेली ती याच रुळांवरून, आणि रांजणी काय, सलगरे काय, दोन्ही जागांचा भरवसाही याच रुळांवर आहे.

मुंबईच्या गोद्या १८८० ते १९१४ या काळातल्या. पोती, गाठी, पेट्या हातानं चढवायच्या-उतरवायच्या, अशा कामासाठी त्या बांधलेल्या. शहर चारही बाजूंनी अंगावर आलेलं, त्यामुळे पसरायला जागा नाही. म्हणून खाडीपलीकडे न्हावा-शेवा बंदर उभं राहिलं आणि २६ मे १९८९ ला सुरू झालं. त्याआधी नव्या मुंबईसाठी जमिनी घेतल्या जात होत्या, तेव्हा मोबदल्यासाठी उरणच्या शेतकऱ्यांनी लढा दिला. १९८४ च्या जानेवारीत उरण परिसरात गोळीबार झाला, पाच जण गेले. विकसित जमिनीतला साडेबारा टक्के वाटा शेतकऱ्याला परत, हे सूत्र त्या लढ्यातून आलं. रांजणीच्या बाजूनं बोलणारे ‘जमीन आधीच सरकारी आहे’ हे पुन्हा पुन्हा सांगत, त्यामागे हा इतिहास आहे. आणि माझ्या मते तो मुद्दा जितका ऐकला जायला हवा होता तितका ऐकला गेला नाही.

नव्या बंदरात १९९९ मध्ये देशातलं पहिलं खासगी कंटेनर टर्मिनल सुरू झालं. २००६ मध्ये आणखी एक, २०१८ मध्ये आणखी एक. धक्का सरकारचा, क्रेन कंपनीची, अशी ही व्यवस्था. २०२२ मध्ये बंदरानं स्वतः चालवलेलं टर्मिनलही खासगी हातात दिलं आणि सरकारी संस्था निव्वळ जमीनमालक उरली. २०२४-२५ मध्ये इथून सुमारे ७३ लाख टीईयू, म्हणजे वीस फुटी कंटेनरच्या मापानं तेवढे कंटेनर हलले. कंटेनर बंदरांच्या कामगिरीची जी जागतिक क्रमवारी निघते, तिच्या २०२३ च्या यादीत हे बंदर ९६ व्या जागी होतं. पहिल्या शंभरात आलो म्हणून आनंद झाला, तो खोटा नव्हता.

पण ती क्रमवारी मोजते जहाजाचा वेळ. जहाज आल्यापासून सुटेपर्यंत किती तास गेले, एवढंच. तासगावच्या द्राक्षवाल्याचं घड्याळ त्याच्या बागेत घडावर कात्री लागते तेव्हा सुरू होतं. बंदराच्या वाटेवर करळ फाट्यावर उभ्या राहिलेल्या ट्रेलरच्या रांगेचा त्या यादीत हिशेब नाही. त्यामुळे बंदर सुधारलं हे खरं, आणि आपल्याला जाणवलं नाही हेही खरं.

जाणवण्याचा प्रश्नही आला द्राक्षांमुळेच. सांगलीचा जुना माल थांबू शकणारा होता. हरिपूरला हळद जमिनीखालच्या पेवांत ठेवत. तोंड लिंपून टाकलं की भाव येईपर्यंत वर्ष-वर्ष बघायला नको. २००५ च्या पुरात त्यातली बरीच पेवं गेली, पण तोवर पिढ्यान्‌पिढ्या सांगलीच्या व्यापाराला पेवाची सवय होती. गोदीत जहाज आठ दिवस उशिरा लागलं तर हळदीचं काय बिघडतं? बेदाणाही शीतगृहात पडून राहतो, शिवाय त्याचा बहुतेक बाजार देशातच. (बेदाण्याला २०१६ मध्ये आणि हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. गाडी लवकर सुटायला त्याचा उपयोग झाला नाही.) नव्वदच्या दशकात द्राक्षं युरोपला जायला लागली आणि पहिल्यांदा इथल्या शेतकऱ्याला जहाजाचं वेळापत्रक पाठ करावं लागलं. २०१० मध्ये द्राक्षांत क्लोरमेक्वाट या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाचा अंश सापडला म्हणून शेकडो कंटेनर परदेशी बंदरांत अडकले. तेव्हा तर गावोगावी कंटेनर नंबरावरून चौकशी चाले, इस्पितळातल्या पेशंटसारखी.

आता त्या शब्दाकडे. ड्राय पोर्ट म्हणजे नेमकं काय?

भारतात देशाच्या आतल्या भागात कस्टमचं काम करून देणारा पहिला डेपो बंगळूरला १९८१ मध्ये सुरू झाला. त्याला आयसीडी (इनलँड कंटेनर डेपो) म्हणतात. रेल्वेनं जोडलेला, बंदरापासून दूर, निर्यातीची कागदपत्रं तिथेच पुरी होणार, आणि कंटेनर तिथून निघाला की बंदरात फक्त जहाजावर चढणार. याच्या जोडीला सीएफएस (कंटेनर फ्रेट स्टेशन), म्हणजे बंदराच्या आसपासची गोदामं. माल कंटेनरमध्ये भरणं, काढणं, तपासणं तिथे. उरणच्या परिसरात ती रांगेनं आहेत. आयातीचा कंटेनर थेट धक्क्यावरूनच घेऊन जायची सोय वाढली, तसा या गोदामांचा धंदा आक्रसला, म्हणून त्यांचे मालक आजही कुरकुरतात.

‘ड्राय पोर्ट’ हा शब्द या दोन्हींपेक्षा सैल. २०१३ मध्ये बँकॉकला आशियातल्या देशांचा एक करार झाला. त्यातली व्याख्या बघितली तर आतल्या भागातलं, वाहतुकीच्या एक वा अधिक साधनांनी जोडलेलं, माल हाताळणं-साठवणं-तपासणं आणि कस्टमचं काम होणारं केंद्र. म्हणजे चांगलं आयसीडी हेच ड्राय पोर्ट. आपल्याकडे मात्र २०१५ नंतर, केंद्राच्या सागरमाला या बंदरविकास योजनेच्या दिवसांत, हा शब्द एका विशिष्ट अर्थानं आला : न्हावा-शेवाच्या संस्थेनं स्वतः पैसा घालून राज्यात आत उभारायचं बंदर. जालना, वर्ध्याजवळचं सिंदी, नाशिक जिल्ह्यातलं निफाड आणि आपलं रांजणी, अशी नावं होती. मग भारतमाला या केंद्राच्या रस्तेयोजनेच्या खात्यातून मल्टिमोडल लॉजिस्टिक पार्क, म्हणजे रस्ता आणि रेल्वे दोन्हींनी जोडलेले मालाचे तळ निघाले. पैसा त्या खात्यातून येणार म्हटल्यावर जालना आणि सिंदीच्या पाट्या बदलल्या. गोदाम तेच, रुळाची बाजूची फांदी तीच, शीर्षक वेगळं. सांगलीतही मंत्र्यांच्या भाषणात एका दौऱ्यात एक शब्द आणि पुढच्या दौऱ्यात दुसरा, असं झालं ते यामुळे.

फरक नुसता पाटीचा असता तर हसून सोडून देता आला असता. आयसीडीला कस्टमची मान्यता लागते, म्हणजे अधिकारी बसतात, शिक्के बसतात. लॉजिस्टिक पार्कात कस्टम असेलच असं नाही. तो देशातल्या मालावरही चालतो. म्हणून पार्क मिळाला तर सांगलीला गोदामं, शीतगृहं, ट्रकतळ मिळेल, ‘बंदर’ मिळेलच असं नाही. उलट बाजूही आहे. निव्वळ निर्यातीवर इथे रोज गाडी भरेल का? बंदर मागणाऱ्या सभांमध्ये हा प्रश्न विचारला की माणसं तुमच्याकडे फितुरासारखं बघतात.

आणि कस्टमची मान्यता इथल्या द्राक्षाला खरंच किती लागते? दोन हंगामांपूर्वी फेब्रुवारीत तासगावजवळच्या एका पॅकहाउसवर मी रात्री थांबलो होतो. पाच-पाच किलोचे खोके पॅलेटवर रचून, पट्ट्या मारून, गार खोलीत तयार. आत सल्फरचे कागद घातलेले. बायका गोधड्या अंगाला लपेटून बाहेर बसलेल्या, कारण दुपारी तीनला यायचा रीफर, म्हणजे माल गार ठेवणारा कंटेनर, रात्री अकराला आला. आल्यावर काम तासाभराचं. कंटेनर आधी गार करून घेतला, आतलं पाणी पुसलं, तापमान नोंदवणारं यंत्र एका खोक्यावर चिकटवलं, साधारण तेरा टन माल आत गेला, दारं लागली. मग सुपरवायझरनं बॉटल सील कडीत दाबलं, नंबर मोठ्यानं वाचला, ड्रायव्हरनं मोबाइलवर फोटो काढला. झालं. निर्यातदारानं स्वतःच इलेक्ट्रॉनिक सील लावायची सोय २०१७ पासून आहे. कस्टमचा माणूस त्या रात्री तिथे नव्हता आणि त्याची आठवणही कुणाला आली नाही.

अडलं होतं ते रिकाम्या कंटेनरवाचून. तो उरणच्या यार्डातून साडेतीनशे किलोमीटर रिकामा आला होता, जनरेटरसकट, आणि त्या येण्याचंही भाडं शेवटी द्राक्षावरच बसतं. सांगलीत भरून येणारी आयात फारशी नाही. लमाणाला परतीचं मीठ होतं. या ट्रेलरला काही नाही. रांजणीला उद्या सगळ्या शिक्क्यांसकट बंदर उभं राहिलं, पण जहाज कंपन्यांनी तिथे रिकामे रीफर ठेवले नाहीत, तर पॅकहाउसवरच्या बायका तशाच बसून राहतील. जागा रांजणी की सलगरे यावर जितकी भाषणं झाली, त्याच्या दशांशही या एका गोष्टीवर झालेली मी ऐकलेली नाहीत.

रोजच्या गाडीला भर घालू शकेल असा माल एकच, साखर. आणि तिचा भरवसा दिल्लीच्या आदेशावर. २०२१-२२ च्या हंगामात देशातून सुमारे ११० लाख टन विक्रमी निर्यात झाली. जून २०२२ पासून निर्बंध आले. पुढच्या हंगामाला साधारण ६० लाख टनांची मर्यादा, त्यापुढच्या हंगामात दार बंद. जानेवारी २०२५ मध्ये १० लाख टनांची परवानगी. एवढ्या खालीवर होणाऱ्या मालावर रोज सुटणारी कंटेनर गाडी कुठला कंत्राटदार लावेल? साखरेतली काही खाली कोकणात जयगड बंदरालाही जाते, म्हणजे जुन्या घाटवाटेच्याच दिशेला. कऱ्हाड-चिपळूण रेल्वेचं घोडं मात्र कागदावरच पाणी पितंय.

२०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि युरोपची जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली. द्राक्षांचा प्रवास दोनेक आठवड्यांनी लांबला, भाडं वाढलं. रिकामे कंटेनर परत यायलाही तेवढाच उशीर, त्यामुळे टंचाई आणखी वाढली. त्या हंगामात ड्राय पोर्टची मागणी पुन्हा जोरात झाली, जणू रांजणीचं बंदर असतं तर सुएझची वाट मोकळी झाली असती.

पुढचं मोठं बंदर वाढवणला होतंय. जून २०२४ मध्ये मंजुरी, ऑगस्टमध्ये भूमिपूजन, खर्च ७६ हजार कोटींच्या घरात. ते डहाणू तालुक्यात, म्हणजे मुंबईच्याही पलीकडे उत्तरेला. सांगलीहून निघालेल्या ट्रेलरला न्हावा-शेवा मागे टाकून आणखी पुढे जावं लागेल. तिथे मोठी जहाजं लागतील, भाडं कमी पडेल, असं सांगतात. तेवढं अंतर रस्त्यानं कापायचं की मिरजेहून गाडी भरायची, हा हिशेब तेव्हा नव्यानं मांडावा लागणार, आणि कदाचित रांजणी किंवा सलगरेला खरा अर्थ त्या दिवशी येईल.

तोवर रस्ता आहे तोच. त्यावरच्या खंबाटकी घाटात वर्षानुवर्षं एक गंमत दिसत आली. साताऱ्याहून पुण्याकडे जाणारी वाहनं बोगद्यातून जात आणि पुण्याहून येणारी घाट चढून येत. म्हणजे द्राक्षानं भरलेला रीफर बोगद्यातून सुळकन निघून जाई, आणि रिकामा मात्र पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये धापा टाकत घाटाची वळणं चढत असे.