मातीची घरे: सुटली कशी, परतली कशी

स्वस्त आणि पर्यावरणपूरक घर म्हणून आज मातीकडे बोट दाखवले जाते. जणू हा काही नवा शोध आहे. प्रत्यक्षात मातीचे बांधकाम शेतीइतके जुने आहे. पॅलेस्टाईनमधल्या जेरिकोच्या उत्खननात मिळालेल्या 9 ते 10 हजार वर्षांपूर्वीच्या उन्हात वाळवलेल्या विटांपैकी काहींवर बांधणाऱ्यांच्या अंगठ्यांचे ठसे आहेत. बलुचिस्तानातल्या मेहरगढलाही शेती आणि कच्च्या विटांची घरे यांची सुरुवात जवळजवळ एकाच वेळी दिसते. माती म्हणजे गरिबाची झोपडी, हा समज तर येमेनमधल्या शिबाम शहराकडे पाहिले की टिकत नाही. तिथली बहुतेक घरे सोळाव्या शतकापासूनची आहेत, कच्च्या विटांची आहेत, आणि त्यांतली काही सात मजली आहेत.

पद्धती प्रत्येक प्रदेशाने आपापल्या मातीप्रमाणे घडवल्या. कुठे साच्यातल्या कच्च्या विटा, कुठे फळ्यांच्या चौकटीत ओलसर माती धुमसून (म्हणजे ठोकून घट्ट करून) उभारलेली भिंत, कुठे पेंढा मिसळून तुडवलेल्या चिखलाचे थरावर थर, तर कुठे काठ्या-कामट्यांच्या कुडावर लिंपण. तत्त्व मात्र सगळीकडे एकच आहे. मातीतली चिकणमाती बंधकाचे काम करते, वाळू तिला आकसून तडकू देत नाही आणि पेंढा ताण सांभाळतो. भाजण्याची गरज नसते, म्हणून इंधन लागत नाही. पडलेली भिंत भिजवली की पुन्हा वापरता येते. ज्या पाण्याने ती पुन्हा मऊ होते तेच पाणी तिचा मोठा शत्रू, म्हणून उंच जोते आणि पुढे आलेले छप्पर हवेच.

अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये फ्रांस्वा क्वांतेरो यांनी हे ज्ञान कारागिरांच्या हातातून कागदावर आणले. 1790 पासून त्यांनी धुमसलेल्या मातीच्या बांधकामावर पुस्तिका काढल्या. लाकूड आणि गवताची घरे पेटत, मातीच्या भिंती पेटत नाहीत, हा त्यांचा आवडता युक्तिवाद होता. पुस्तिकांची भाषांतरे झाली, आणि जर्मनीतल्या वाइलबुर्ग गावात 1820 च्या दशकात धुमसलेल्या मातीची एक उंच इमारत उभी राहिली. ती आजही वापरात आहे.

मग माती मागे का पडली? ती कमकुवत ठरली, हे उत्तर अर्धवट आहे. जोसेफ ॲस्पडिन यांनी 1824 मध्ये पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले. पुढे कोळसा आणि रेल्वे यांमुळे भाजलेली वीट दूरवर स्वस्तात पोचू लागली. मातीच्या भिंतीला वेळ आणि हात लागतात, आणि मजुरी वाढली तसा फुकटच्या मातीचा फायदा आटत गेला. शिवाय पक्के घर ही प्रतिष्ठेची खूण झाली. माझ्या मते या शेवटच्या कारणाने मातीचे जेवढे नुकसान केले तेवढे पावसानेही केले नसेल.

त्यामुळे विसाव्या शतकात माती आठवली ती टंचाई आली तेव्हाच. दोन्ही महायुद्धांनंतर युरोपात कोळसा आणि लाकूड मिळेना, तेव्हा सरकारांनी ती पुन्हा हाती घेतली. जर्मनीत 1951 मध्ये तिची मानकेही ठरली, आणि सुबत्ता येताच 1971 मध्ये ती रद्द झाली. इजिप्तमध्ये वास्तुकार हसन फथी यांना युद्धकाळात लाकूड आणि पोलाद मिळेना. दक्षिण इजिप्तमधले न्युबियन गवंडी लाकडी आधाराशिवाय कच्च्या विटांच्या कमानी रचत. तीच रीत वापरून त्यांनी 1940 च्या दशकात लक्सरजवळ नवे गुर्ना गाव बांधायला घेतले. वास्तू सुंदर होत्या, पण ज्यांच्यासाठी त्या होत्या त्यांना जुनी वस्ती सोडायची नव्हती. गाव अर्धवटच राहिले.

1950 च्या दशकात कोलंबियात राउल रामिरेस यांनी हाताच्या दांड्याने माती दाबून वीट पाडणारे यंत्र केले. त्यानंतर थोडे सिमेंट मिसळलेल्या दाबविटांचा प्रसार झाला. पाण्याचा धाक कमी झाला, मात्र जितके सिमेंट जास्त, तितका पर्यावरणाचा दावा पातळ. 1973 च्या तेलसंकटानंतर इंधनबचतीकडे लक्ष गेले आणि संशोधनाला वेग आला. फ्रान्समध्ये क्रातेर ही मातीच्या बांधकामावर संशोधन करणारी संस्था 1979 मध्ये सुरू झाली. बुर्किना फासोतल्या गांदो गावच्या शाळेसाठी (2001) वास्तुकार फ्रान्सिस केरे यांना माती टिकते हे आधी गावकऱ्यांनाच पटवावे लागले. 2022 मध्ये त्यांना वास्तुकलेतला प्रित्झकर पुरस्कार मिळाला.

शंका घेणाऱ्यांकडेही पुरावा आहे. 26 डिसेंबर 2003 च्या भूकंपात इराणमधल्या बाम या मुख्यतः मातीच्या घरांच्या शहराची प्रचंड हानी झाली आणि हजारो माणसे दगावली. मजबुतीकरण नसलेली मातीची भिंत जड असते आणि आडवे धक्के सोसत नाही. न्यूझीलंडने 1998 मध्ये भूकंपाचा विचार करून मातीच्या बांधकामाची स्वतंत्र मानके काढली, ती याच काळजीतून.

आणखी एक गैरसमज जाता जाता. जाड मातीची भिंत उष्णता अडवत नाही, उशिराने आत सोडते. दिवसरात्रीच्या तापमानात मोठा फरक असेल तिथे हा गुण उपयोगी पडतो, सतत गारठा असलेल्या हवेत वेगळे उष्णतारोधन लागतेच. खर्चाचेही तसेच: घराच्या एकूण खर्चात भिंतींचा वाटा मर्यादित असतो. पाया, छप्पर, दारे-खिडक्या, नळ आणि वीज यांचा खर्च मातीमुळे फारसा कमी होत नाही. खरी बचत होते ती जागेवरचीच माती योग्य निघाली आणि राबणारे हात घरचे असले तर.