संवेदी नसांच्या ऑटोइम्यून आजारात अँटीबॉडीचं काम

मणक्याच्या दोन्ही बाजूंना संवेदी पेशींच्या बारीक गाठी असतात, त्यांना डॉर्सल रूट गँग्लिया म्हणतात. स्पर्श, वेदना, हातपाय नेमके कुठे आहेत हे सगळं मेंदूला मुख्यतः यांच्यामार्फत कळतं. मेंदूला रक्तापासून जसं घट्ट संरक्षण असतं तसं या गाठींना नाही, रक्तातल्या अँटीबॉडी आणि पांढऱ्या पेशी सहज आत शिरतात, म्हणून इम्यून सिस्टिम स्वतःच्याच शरीरावर उलटली की या गाठी लगेच तावडीत सापडतात. आणि पेशीच मेली तर तिची नस परत उगवत नाही, त्यामुळे निदानाला उशीर फार महागात पडतो.

या आजारात मुंग्या, जळजळ, बधिरपणा हे सगळं एकाच हातात किंवा अगदी चेहऱ्यावरही सुरू होऊ शकतं, डायबिटीससारखं तळपायापासून सावकाश वर चढेलच असं नाही. ताकद शाबूत असते, पण चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही, तोंड धुताना डोळे मिटले की तोल जातो.

आता रक्तात अँटीबॉडी सापडली म्हणजे तिनेच नस मारली, असं दरवेळी नसतं. कॅन्सर आणि हा आजार यांचा संबंध न्यूरॉलॉजिस्ट डेनी-ब्राउन यांनी 1948 मध्ये मांडला, आणि त्यातली अँटी-हू अँटीबॉडी 1985 मध्ये सापडली. हू प्रोटीन पेशीच्या आत असतं, अँटीबॉडीला तिथे सहज पोचता येत नाही, खरा घात टी-सेल, म्हणजे पेशी मारणाऱ्या पांढऱ्या पेशी, करतात. फुफ्फुसाच्या स्मॉल सेल कॅन्सरमध्ये हेच प्रोटीन असतं, इम्यून सिस्टिम कॅन्सरवर धावून जाते आणि नसाही मारते. म्हणजे अँटी-हू ही खूण आहे, आणि फार मोलाची खूण, कारण नसांचा त्रास कित्येकदा कॅन्सर दिसायच्या काही महिने आधीच सुरू होतो. नुसती अँटीबॉडी काढून फारसं काही साधत नाही, कॅन्सर शोधून त्यावरच उपचार करावे लागतात.

जीडी-1बी चं मात्र उलट. हे गँग्लिओसाइड, म्हणजे साखर जोडलेला चरबीचा रेणू, पेशीच्या पृष्ठभागावरच असतं, अँटीबॉडी थेट चिकटते. जपानमध्ये कुसुनोकी आणि सहकाऱ्यांनी सशांना जीडी-1बी टोचलं तर सशांना तसाच तोल जाणारा संवेदी आजार झाला, हे 1996 मध्ये छापून आलं. अशा पेशंटमध्ये आयव्हीआयजी (रक्तदात्यांच्या अँटीबॉडी शिरेतून देणं) किंवा रिटुक्सिमॅब (अँटीबॉडी बनवणाऱ्या बी-पेशी कमी करणारं औषध) यांचा काहींना चांगला फायदा होतो.

एफजीएफआर-3 या प्रोटीनविरुद्धची अँटीबॉडी 2015 मध्ये सापडली, ती नस बिघडवते की नुसती सोबत असते हे अजून ठरलेलं नाही.

श्योग्रेन सिंड्रोम या ऑटोइम्यून आजारातही या गाठींवर हल्ला होऊ शकतो. त्यात तोंड आणि डोळे कोरडे पडतात आणि अँटी-रो अँटीबॉडी दिसते, पण काहींमध्ये ती निगेटिव्हच येते, मग ओठाच्या आतल्या लाळग्रंथीची बायोप्सी करावी लागते.