स्वर्ल मार्क : मोटारीच्या रंगावरील सूक्ष्म ओरखडे

मोटारीच्या रंगाच्या सर्वांत वरच्या पारदर्शक थरावर पडणाऱ्या अतिशय बारीक व उथळ ओरखड्यांच्या समूहाला स्वर्ल मार्क म्हणतात. सावलीत किंवा ढगाळ हवेत ते सहसा दिसत नाहीत. मात्र थेट उन्हात किंवा पेट्रोल पंपावरच्या प्रखर दिव्याखाली प्रकाशबिंदूच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळे उमटलेली दिसतात. काळ्या, गडद निळ्या आणि गडद लाल रंगांवर ती ठळक दिसतात, तर पांढऱ्या व चंदेरी रंगांवर जवळजवळ लपून राहतात, म्हणून त्या रंगांच्या गाड्यांना ओरखडे पडतच नाहीत असा गैरसमज रूढ आहे. बहुतेक स्वर्ल मार्क गाडी वापरल्याने नव्हे, तर ती चुकीच्या रीतीने पुसल्याने पडतात, ही गोष्ट या विषयाच्या मुळाशी आहे.

आधुनिक मोटारीच्या पत्र्यावर गंजरोधक थर, प्रायमर, रंगाचा थर आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट असे थर असतात. कारखान्यातून निघालेल्या गाडीवर या सर्वांची मिळून जाडी साधारणपणे १०० ते १५० मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असते व त्यांपैकी क्लिअर कोट सुमारे ३५ ते ५० मायक्रॉनांचा, म्हणजे माणसाच्या केसाहूनही पातळ असतो. गाडीची झळाळी याच थरातून येते आणि सूर्याच्या अतिनील किरणांपासून खालच्या रंगाचे रक्षणही हाच थर करतो. तो झिजला की परत वाढत नाही. ओरखडे काढण्याचे प्रत्येक काम या मर्यादित साठ्यातून काहीतरी खर्च करते, हे लक्षात घेतल्यावाचून पॉलिशला हात घालू नये.

दिसणारी वर्तुळे हा बऱ्याच अंशी दृष्टिभ्रम असतो. प्रत्यक्षात ओरखडे सर्व दिशांना, वेडेवाकडे पडलेले असतात. परंतु प्रत्येक ओरखडा आपल्या लांबीला काटकोनात असलेल्या दिशेनेच प्रकाश फेकत असल्यामुळे, प्रतिबिंबाभोवतीच्या वर्तुळाला स्पर्शरेषेप्रमाणे असलेले तेवढेच ओरखडे डोळ्याला चमकताना दिसतात आणि उरलेले अदृश्य राहतात. दिवा किंवा डोळा हलवला की वर्तुळेही त्याबरोबर सरकतात.

ओरखड्यांचे मुख्य कारण धूळ हे आहे. रस्त्यावरच्या व बांधकामांच्या धुळीत क्वार्ट्‌झचे कण असतात; मोहस् मापश्रेणीवर क्वार्ट्‌झचा काठिण्यांक ७ असून क्लिअर कोट त्याहून कितीतरी मऊ असतो. कोरड्या फडक्याने किंवा झटकणीने गाडी पुसताना हे कण रंगावरून घासत जातात. महाराष्ट्रातील शहरांत सोसायटीच्या गाड्या रोज सकाळी पुसून घेण्याची पद्धत सर्रास आहे. एका बादलीत एकच फडके बुचकळून ओळीने अनेक गाड्या पुसल्या जातात आणि पहिल्या गाडीची माती शेवटच्या गाडीपर्यंत पोहोचते. याचा दोष पुसणाऱ्याला देणे अन्यायाचे आहे, कारण त्याला मिळणारे पाणी, वेळ आणि मोबदला यांत दुसऱ्या रीतीने काम होणेच कठीण असते. मालकानेच रोजच्या पुसण्याऐवजी आठवड्यातून एकदा नीट धुण्याची व्यवस्था करणे अधिक हिताचे ठरते. धुळीने भरलेल्या गाडीवर कव्हर घातल्यास वाऱ्याने ते हलून तोच परिणाम होतो. स्वयंचलित धुलाई केंद्रांतील फिरत्या ब्रशांमुळेही असे ओरखडे पडतात. पॉलिश करण्याचे रोटरी (एकाच अक्षाभोवती गोल फिरणारे) यंत्र अकुशलतेने चालवल्यास उमटणारे, होलोग्राम म्हणून ओळखले जाणारे पट्टे मात्र निराळे असतात. ते यंत्राच्या मार्गाने एका दिशेत जातात.

ओरखडे काढणे म्हणजे त्यांच्या तळापर्यंत भोवतालचा क्लिअर कोट घासून पृष्ठभाग पुन्हा सपाट करणे होय. नख फिरवल्यावर अडकते असा ओरखडा सहसा या पद्धतीने सुरक्षितपणे निघत नाही. आधी गाडी स्वच्छ धुऊन, ब्रेकमधून उडून चिकटलेले लोहकण विशिष्ट रसायनाने विरघळवतात आणि वंगण लावलेल्या क्ले बारने (मऊ मातीसारख्या वडीने) उरलेली घाण उचलतात. हे टाळल्यास तेच कण पॉलिश यंत्राच्या पॅडखाली सापडून नवे ओरखडे पाडतात. त्यानंतर जाडीमापकाने रंगाची जाडी तपासतात. चुंबकीय तत्त्वावर चालणारे साधे मापक पोलादी पत्र्यावरच चालते, ॲल्युमिनियमसाठी वेगळे तंत्र लागते आणि प्लॅस्टिकच्या बंपरवर दोन्ही निरुपयोगी ठरतात. एखाद्या भागावर कित्येक शे मायक्रॉन जाडी भरली, तर तेथे पुट्टी भरून फेररंगकाम झाल्याची शक्यता असते.

पॉलिशमध्ये बहुधा ॲल्युमिनियम ऑक्साइडचे बारीक कण असतात. प्रथम सर्वांत सौम्य पॉलिश व मऊ फोम पॅड एका छोट्या भागावर वापरून पाहावे आणि तेवढ्याने काम न झाल्यासच तीव्र कंपाउंड (अधिक घासणारे पॉलिश) किंवा मायक्रोफायबर पॅडकडे वळावे, हा या कामाचा पाया आहे. नवशिक्यासाठी ड्युअल ॲक्शन यंत्र बरे, कारण त्याचा पॅड फिरता फिरता डोलत असल्याने उष्णता एका जागी साचत नाही. रोटरी यंत्र वेगाने कापते, पण कडांवर व उठावाच्या रेषांवर क्षणात रंग जाळू शकते. म्हणून अशा कडा चिकटपट्टीने झाकतात. साधारण दोन फूट लांबी-रुंदीचा भाग घेऊन उभ्या-आडव्या फेऱ्या मारतात आणि नंतर पातळ केलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पॉलिशमधील तेल पुसून तपासणी करतात. हे तेल आणि काही पॉलिशमधील भराव ओरखडे तात्पुरते बुजवतात व चार-सहा धुलायांनंतर ते पुन्हा वर येतात. ‘रबिंग-पॉलिश’ या नावाने झटपट होणाऱ्या कामात अनेकदा हाच प्रकार घडत असल्याने गाडी ताब्यात घेताना ती उन्हात पाहणे आवश्यक आहे.

प्रतिबंधाचे तंत्र त्या मानाने स्वस्त आहे. गाडी सावलीत, पत्रा थंड असताना धुवावी. आधी भरपूर पाण्याने किंवा फेसाने सुटी माती वाहून जाऊ द्यावी. नंतर शॅम्पूची एक आणि खळबळण्याच्या साध्या पाण्याची दुसरी अशा दोन बादल्या घेऊन, मायक्रोफायबरच्या हातमोज्याने छतापासून खाली, दाब न देता, सरळ रेषेत पुसत यावे. चाकांसाठी व दरवाज्यांच्या खालच्या भागासाठी वेगळे कापड ठेवावे. जमिनीवर पडलेले कापड धुतल्याशिवाय पुन्हा रंगाला लावू नये. बोअरवेलच्या क्षारयुक्त पाण्याचे डाग राहू नयेत म्हणून गाडी लगेच कोरडी करावी लागते, आणि त्यासाठी जाड मायक्रोफायबर टॉवेल टेकवून पाणी शोषून घेणे घासण्यापेक्षा सुरक्षित असते.

कार्नौबा मेण, कृत्रिम सीलंट आणि सिलिकायुक्त सिरॅमिक कोटिंग यांमुळे पृष्ठभाग निसरडा होतो व माती सहज सुटते. परंतु कोटिंग केल्यावर ओरखडे पडणारच नाहीत, हा विक्रेत्यांचा दावा मान्य करता येत नाही. हा थर अत्यंत पातळ असतो आणि कोरड्या धुळीवर फडके फिरवल्यास तोही ओरबाडला जातो. शिवाय आधीचे ओरखडे न काढता कोटिंग केल्यास ते त्याखाली तसेच राहतात. वाहन उत्पादकांनीही या प्रश्नावर काम केले आहे : मर्सिडीज-बेंझने २००३ च्या अखेरीस सिरॅमिक नॅनोकण असलेला अधिक कठीण क्लिअर कोट आणला, तर निस्सानने २००५ मध्ये उलट मार्गाने, लवचीक राळेमुळे बारीक ओरखडे हळूहळू भरून येणारा क्लिअर कोट जाहीर केला. थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेनची संरक्षक फिल्म साधारण १५० ते २०० मायक्रॉन जाड असते. तिच्या वरच्या आवरणावरील बारीक ओरखडे उन्हाच्या किंवा गरम पाण्याच्या उष्णतेने नाहीसे होतात आणि ती खराब झाली तरी काढून टाकता येते.