पावसातली विवरणपत्रं आणि खोलीतली हवा

बहुतेकांसाठी आयकर विवरणपत्र भरण्याची नेहमीची मुदत ३१ जुलै. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलीमीटर पाऊस पडतो आणि त्यातला सर्वांत मोठा वाटा जुलैचा. म्हणजे फोंडा, म्हापसा, डिचोली इथल्या कर सल्लागारांकडे वर्षातली सगळ्यात मोठी गर्दी उसळते ती नेमकी खिडक्या लावून घ्यायच्या दिवसांत. बाहेर झड, आत एसी, दाराशी ओल्या छत्र्या आणि बाकावर खांद्याला खांदा लावून बसलेली माणसं. श्वासावाटे पसरणाऱ्या साथीला याहून सोयीची जागा सापडणार नाही. कोविडच्या पहिल्या वर्षी सरकारनं मुदत वाढवत नेली आणि २०१९-२० चं विवरणपत्र बहुतेकांना १० जानेवारी २०२१ पर्यंत भरता आलं. पण पुढच्या साथीतही अशी सूट मिळेल हे गृहीत धरून कार्यालय चालवता येत नाही. तयारी आधीच हवी, आणि ती प्रामुख्यानं हवेची हवी.

माणूस बोलताना, खोकताना तोंडातून थेंब उडतात. मोठे थेंब मीटर-दोन मीटरच्या आत खाली पडतात. काही मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग) सूक्ष्म कण मात्र बंद खोलीत तासन् तास तरंगत राहतात आणि पार दुसऱ्या कोपऱ्यात बसलेल्याच्या नाकात जाऊ शकतात. जानेवारी २०२० मध्ये चीनच्या ग्वांगझू शहरात एका उपाहारगृहात शेजारशेजारच्या तीन टेबलांवरच्या कुटुंबांतल्या दहा जणांना कोविड झाला. तिथे एसी होता, पण बाहेरची हवा जवळजवळ येतच नव्हती. नंतर मोजमाप केलं तेव्हा ती दर माणशी सेकंदाला जेमतेम एक लीटर भरली. जागतिक आरोग्य संघटना घरं आणि कार्यालयांसाठी किमान दहा लीटर सुचवते. आपल्याकडचा भिंतीवरचा स्प्लिट एसीही खोलीतलीच हवा थंड करून परत खोलीत सोडतो. 'ड्राय मोड' लावला तर हवेतलं पाणी कमी होतं, ताजी हवा येत नाही.

आता थोडं गणित. खोली ५ मीटर लांब, ४ मीटर रुंद, ३ मीटर उंच. आतली हवा ६० घनमीटर. आत पाच माणसं, खिडक्या बंद. दारा-खिडक्यांच्या फटींतून तासाला अर्धी खोलीभर, म्हणजे ३० घनमीटर हवा बदलते असं धरू. बसून काम करणारा माणूस तासाला साधारण १८ लीटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. पाच जणांचा झाला ९० लीटर. बाहेरच्या हवेत तो सुमारे ४२० पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग, असतो. या खोलीत तासाभरात १६०० होतो आणि चार तासांत ३००० ला भिडतो. तीच खोली, तीच माणसं, पण तासाला ३०० घनमीटर हवा बदलत असेल, म्हणजे खोलीची हवा पाचदा बदलण्याइतकी, तर आकडा ७२० च्या पुढे सरकत नाही. कार्बन डायऑक्साइडनं कुणाला साथीचा आजार होत नाही. दुसऱ्यांनी सोडलेला श्वास आपण किती घेतोय याचा तो हिशेब आहे. ८०० च्या आत राहावं, १४०० ओलांडले तर काम थांबवून दारं-खिडक्या उघडाव्यात.

हा आकडा दाखवणारा मीटर घेताना एक गोष्ट तपासाच. आत इन्फ्रारेड किरणांनी मोजणारा, एनडीआयआर प्रकारचा संवेदक हवा. स्वस्त मीटर इतर वायू हुंगून कार्बन डायऑक्साइडचा नुसता अंदाज बांधतात, आणि शेजारी कुणी सॅनिटायझर चोळलं की त्यांचा आकडा उडी मारतो. मीटर अंगणात नेला तर ४०० ते ४५० दाखवायला हवा, त्यावर फुंकर मारली तर हजारोंत जायला हवा आणि सॅनिटायझरची बाटली उघडून जवळ धरली तर ढिम्म राहायला हवा. अनेक मीटर आठवड्याभरातला सर्वांत कमी आकडा म्हणजेच बाहेरची हवा असं समजून स्वतःला जुळवून घेतात. असा मीटर कायम कोंदट केबिनमध्ये ठेवला तर हळूहळू कमी आकडा सांगू लागतो. म्हणून आठवड्यातून एकदा तो अर्धा तास खिडकीबाहेर ठेवावा. एरवी त्याची जागा बसलेल्या माणसाच्या नाकाच्या उंचीवर, कुणाच्याही तोंडापासून किमान मीटरभर दूर.

पण पावसात खिडकी उघडायची कशी? गोव्यात पावसाचा मारा बहुतेक वेळा पश्चिम-नैर्ऋत्येकडून येतो. त्यामुळे पूर्वेच्या आणि उत्तरेच्या खिडक्या चार-सहा बोटं उघड्या ठेवता येतात. वर छज्जा असेल तर आणखी. एवढ्यानं भागत नसेल तर एक्झॉस्ट फॅन बसवावा. त्याच्या खोक्यावर तासाला किती घनमीटर हवा फेकतो तो आकडा असतो, पण तो मोकळ्या हवेतल्या चाचणीचा. जाळी, झडप आणि बाहेरचा वारा धरून निम्माच हातात पडेल असं माना. ३०० हवे असतील तर ६०० चा घ्या.

चुका इथेच सर्वांत जास्त होतात. पंखा प्रवेशदाराच्या वरच बसवला तर दारातून आलेली हवा सरळ त्यातूनच बाहेर जाते, आणि क्लायंट बसतो तो कोपरा होता तसाच कोंदट राहतो. पंखा आणि हवा आत येण्याची वाट समोरासमोरच्या भिंतींवर हवी, आणि माणसं त्या प्रवाहात. सगळ्या खिडक्या लावून नुसता एक्झॉस्ट चालवला तर आत यायला हवाच नसते. पंखा घरघरतो आणि संडासाकडचा वास तेवढा ओढून आणतो. छताचा पंखा ताजी हवा आणत नाही, आहे ती ढवळतो. टेबलफॅन मात्र क्लायंटकडून कर्मचाऱ्याच्या तोंडाकडे कधीही वळवू नये. पावसात वीज जातेच, तेव्हा एक्झॉस्ट इन्व्हर्टरवर घ्यावा. एसीवाचून तासभर निभतं, हवेवाचून नाही.

खिडकी उघडायला खरा विरोध होतो तो कागदांपायी. दमट हवेत कागद पाणी शोषतो, कडा वळतात, प्रिंटरमध्ये एकदम दोन-दोन पानं ओढली जातात. यावर उपाय साधा आहे: रीम तिच्या वेष्टनातच किंवा घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवावी, ट्रेमध्ये त्या दिवसापुरतीच पानं घालावीत आणि प्रिंटर खिडकीपासून दूर हलवावा.

खिडकी उघडणं अशक्यच असेल तर हेपा फिल्टरचा, म्हणजे अतिसूक्ष्म कण अडवणाऱ्या गाळणीचा, एअर प्युरिफायर घ्यावा. त्याच्या 'सीएडीआर' या आकड्याकडे बघा: तासाला किती हवा स्वच्छ करून देतो ते तो सांगतो. आपल्या ६० घनमीटरच्या खोलीला तो तासाला ३०० घनमीटर असायला हवा. हा आकडा पंख्याच्या सर्वांत वरच्या वेगाचा असतो. आवाज होतो म्हणून मशीन 'स्लीप'वर ठेवलं की निम्मी क्षमताही उरत नाही. आणि प्युरिफायर कण अडवतो, कार्बन डायऑक्साइड नाही. त्यामुळे मीटरवरचा आकडा खाली आला नाही म्हणून तो बंद करणं चूक.

टेबलावरच्या काचेनं समोरून उडणारे थेंब अडतात, तरंगणारे कण तिला वळसा घालून येतात. ती टेबलापुरती असू द्या. खोलीभर उंच पडदे लावले तर हवेचा प्रवाह तुटतो. कपाळाशी धरायच्या तापमापीवरही भिस्त नको. पावसात भिजून आलेल्याचं कपाळ ओलं असतं आणि पाणी वाळताना कातडी थंड करतं, त्यामुळे आकडा कमी दिसतो. शिवाय कोविडचा रोगी लक्षणं दिसण्याआधीच इतरांना लागण देऊ शकतो.

एन९५ मास्क ०.३ मायक्रॉनचे किमान ९५ टक्के कण अडवतो, पण तो चेहऱ्याला चिकटून बसला तरच. कानात अडकवायच्या दोऱ्यांपेक्षा डोक्यामागून जाणारे पट्टे घट्ट बसतात. नाकावरची पट्टी दाबून जोरात श्वास सोडावा. चष्म्यावर वाफ आली तर वरून गळती आहे. झडपेचा मास्क घालणाऱ्यापुरता ठीक, समोरच्याला तो वाचवत नाही. एन९५ धुवू नये: त्याच्या धाग्यांवरचा विद्युतभार कण खेचून घेतो आणि साबणानं तोच निघून जातो. मोठ्यानं बोलताना कित्येक पट जास्त कण बाहेर पडतात, हे गोव्याच्या पावसाळ्यात विसरू नये. पत्र्यांवर पाऊस कोसळत असतो, समोर ऐकू कमी येणारे आजोबा असतात आणि दोघंही ओरडू लागतात. क्लायंटच्या बाजूला दुसरा मॉनिटर लावून मोठ्या अक्षरात आकडे दाखवले की अर्धं बोलणं वाचतं.

कागदांवर सॅनिटायझर फवारण्याची सवय मात्र सोडायला हवी. पृष्ठभागाला हात लागून कोविड होण्याची शक्यता फारच कमी असल्याचं २०२१ पर्यंत स्पष्ट झालं होतं. फवाऱ्यानं नुकसान तेवढं होतं: थर्मल कागदावरच्या पावत्या अल्कोहोलनं काळ्या पडतात, रबरी शिक्क्यांची शाई पसरते. कागद हाताळून झाल्यावर हात धुवा किंवा किमान ६० टक्के अल्कोहोलचं सॅनिटायझर वीसेक सेकंद, वाळेपर्यंत चोळा. बहुतेक कार्यालयांत सकाळी देवापुढे निरांजन, अगरबत्ती असते. ओल्या हातांनी तिथे जाऊ नये आणि सॅनिटायझरचा कॅनही जवळ ठेवू नये, कारण ज्योत जवळ असली की अल्कोहोलची वाफ खोलीच्या तापमानालाही पेट घेते. टेबल पुसायला ५ टक्क्यांचं ब्लीच २० मिलीलीटर, एक लीटर पाण्यात, रोज ताजं. संडास धुण्याच्या ॲसिडमध्ये ते चुकूनही मिसळू नये. विषारी क्लोरीन निघतो.

हवा सुधारली की उरतो वेळ. शरीरात किती विषाणू जातात ते हवेतल्या प्रमाणावर आणि आपण तिथे किती मिनिटं बसलो यावर ठरतं. विवरणपत्राच्या कामात क्लायंट समोर बसायची गरज फार थोडी असते. कागद देणं हे पाच मिनिटांचं काम, आणि जुन्या गोवेकर घरातलं कार्यालय असेल तर त्यासाठी बाल्कांवापेक्षा, म्हणजे पुढच्या दारापाशीच्या ओसरीपेक्षा, चांगली जागा नाही: वर छप्पर, बाजू मोकळ्या, बसायला सोपे म्हणजे बांधीव बाकं. हिशेब क्लायंटविना करावा, शंका फोनवर विचाराव्यात. विवरणपत्राला कागद जोडायचे नसल्यानं मूळ प्रती ठेवून घेण्याचंही कारण नाही. ३०० डीपीआयवर स्कॅन करून तिथेच परत द्याव्यात.

गोव्यात एक जास्तीची गोष्ट येते. इथे पोर्तुगीज नागरी संहितेखाली पती-पत्नीची मालमत्ता सहसा सामाईक असते, आणि आयकर कायद्यानुसार घरभाडं, व्यवसाय, व्याज, भांडवली नफा हे उत्पन्न दोघांत निम्मं-निम्मं वाटलं जातं. पगार ज्याचा त्याच्याच नावावर. म्हणून एका घराची दोन विवरणपत्रं एकमेकांत गुंतलेली असतात आणि जोडपं जोडीनंच येऊन तासभर बसतं. फोनवरच्या यादीत पहिल्याच वेळी दोघांचे पॅन, दोघांची २६एएस विवरणं (नावावर कापलेल्या आणि भरलेल्या कराचा हिशेब), दोघांच्या बँक खात्यांचं व्याज मागून घेतलं तर ही फेरी टळते. एकाचं विवरणपत्र आधी भरून टाकलं आणि दुसऱ्याच्या पासबुकातलं व्याज नंतर निघालं, तर भरलेलं सुधारावं लागतं आणि आणखी भेटी वाढतात.

पडताळणीचा ओटीपी ज्याच्या त्याच्या आधारशी जोडलेल्या मोबाइलवर येतो आणि १५ मिनिटं चालतो. त्यासाठी कुणाला बोलवायची गरज नाही, पण फोनची वेळ आधी ठरवावी, आणि कार्यालयाचा नंबर क्लायंटच्या फोनमध्ये साठवलेला असावा, कारण अशा दिवसांत अनोळखी नंबरावरून ओटीपी मागणारे भामटे वाढतात. जहाजावरच्या तारवट्यांचं, म्हणजे खलाशांचं, गोव्यातलं सिम बऱ्याचदा बंद पडलेलं असतं. त्यांच्यासाठी नेटबँकिंगमधून पडताळणी करावी, नाहीतर सही केलेला आयटीआर-व्ही, म्हणजे पडताळणीचा कागद, टपालानं आयकर विभागाच्या बेंगळुरूच्या केंद्राला पाठवावा. विवरणपत्र भरल्यापासून ३० दिवसांत पडताळणी झाली पाहिजे.

ज्यांना यावंच लागतं त्यांच्या वेळांमध्ये १५ मिनिटं मोकळी सोडा. तासाला पाचदा हवा बदलणाऱ्या खोलीत तेवढ्यात आधीचे सुमारे ७० टक्के कण निघून जातात. बंद खोलीत जेमतेम १२ टक्के जातात, तिथे या मोकळ्या वेळाचा उपयोग नाही.

कर्मचाऱ्यांना लागण फक्त क्लायंटमुळेच होते असं नाही, ती दुपारच्या जेवणातही होऊ शकते. दिवसभर मास्क, आणि एक वाजता आतल्या खोलीत सगळे डबे उघडून गोलाकार बसतात. दोन पाळ्यांत, बाल्कांवात किंवा उघड्या खिडकीशी जेवा. ताप, घसा, सर्दी असलेल्यानं त्याच सकाळी कळवून घरी राहावं आणि त्या दिवसाचा पगार कापला जाऊ नये; कापला तर जुलैच्या शेवटच्या आठवड्यात तो गोळी घेऊन कामावर येणारच. त्याचं काम अडू नये म्हणून प्रत्येक फाइलवर कोणते कागद आले, काय बाकी आहे आणि शेवटचा फोन कधी झाला हे रोज संध्याकाळी लिहून ठेवावं, म्हणजे दुसरा माणूस क्लायंटला पुन्हा न बोलावता ती पुढे नेऊ शकतो.